डावीकडचे मीटर

सुदर्शननं फळी दोन्ही हातांनी उचलली आणि गाडीच्या काचेखालच्या लोखंडी पट्टीवर टेकवली. कोपरे जुळले, स्क्रूची भोकं जुळली, खालची कडही रेषेत बसली. शिसवी लाकडाला पॉलिश असं चढलं होतं की त्यात तोंड दिसावं. 'वा, आप्पा!' म्हणायचं तोंडावर आलेलं असतानाच तो हौसेनं स्टेअरिंगमागच्या सीटवर जाऊन बसला, आणि ते म्हणायचं राहूनच गेलं. त्याच्यासमोर नुसतं कोरं लाकूड होतं. वेगाच्या आणि आरपीएमच्या मोठ्या मीटरांची भोकं शेजारच्या सीटसमोर पडली होती.

गाडी म्हणजे साठेक वर्षांपूर्वीच्या एका विलायती स्पोर्ट्स गाडीची नक्कल होती. लांब नाक, दोनच सीटा, डोक्यावर टप नाही. सुदर्शन सणसवाडीच्या एका कारखान्यात फायबरचे भाग बनवायचा. तीच विद्या वापरून सुट्टीसुट्टीला त्यानं शिरूरजवळच्या मळ्यात, रिकाम्या कांदा चाळीत, ही बॉडी उभी केली होती. लोक बघायला येत, हसत, आणि जाता जाता एकदा तिच्यावरून हात फिरवून जात. राहिला होता तो डॅशबोर्ड. तो जुन्या काळचाच हवा होता: लाकडी फळी, काळ्या तबकड्यांचे गोल मीटर आणि खटक्याची बटणं. ते काम त्यानं सोमवारी वडिलांवर सोपवलं होतं.

हौसराव रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. त्यांची सगळी नोकरी दौंडला गेली, निवृत्तीनंतरचं घरही तिथलंच. बायको वारल्यावर सुदर्शननं त्यांना मळ्यात आणलं, आणि तेव्हापासून त्यांना कुणी कशाला हात लावू देईना. दुधाची किटली उचलली की सून समृद्धी ती काढून घ्यायची. मोटर चालू करायला निघाले की मुलगा पुढं पळायचा. माया खरीच होती, पण मायेनंसुद्धा माणूस अडगळीत पडतो. "दौंडला बिरदेव एकटाच हाय, त्याच्याकडं ऱ्हातो," असं ते हल्ली अधूनमधून म्हणू लागले होते. बिरदेव म्हणजे त्यांच्या इंजिनावरचा जुना असिस्टंट. आप्पा एकदा गेले की परत यायचे नाहीत, हे सुदर्शनला ठाऊक होतं. म्हणून तर त्यानं जिवापाड जपलेली ती फळी त्यांच्या हाती दिली होती.

हौसराव चाळीच्या दारात हात पुसत उभे होते.

"बसली का रं?"

"बसली की!" सुदर्शनचा आवाज चढलाच. "आप्पा, मीटर कुठं घेतलेत बघा. ही काय रेल्वे हाय का?"

हौसराव जवळ आले. डाव्या सीटवर बसले. समोर दोन मोठी भोकं बरोबर डोळ्यांच्या रेषेत होती, बारकी तीन हाताच्या टप्प्यात. इंजिनात ड्रायव्हर डावीकडं बसतो. उभा जन्म मीटर त्यांच्यासमोर तिथंच होते. फळी पुढ्यात आल्यावर हातानं परस्पर जागा धरली, डोक्याला विचारलंच नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं झालं.

"उलटी करून बसवली तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"मागून साधं प्लाय हाय, आप्पा. शिसवाचा थर आन् पॉलिश एकाच बाजूला."

हौसरावांनी एका भोकाच्या कडेवर अंगठा फिरवला. ती कड त्यांनी इतकी घासली होती की कुठं कुसळ लागत नव्हतं.

"दुसरी काप मग. ही घाल चुलीत," ते म्हणाले आणि घराकडं निघून गेले.

सकाळी सुदर्शन उठून बाहेर आला तर ओट्यावर आप्पांची पिशवी भरून ठेवलेली. हौसराव आंघोळ करून, रेल्वेतला जुना स्वेटर घालून खुर्चीत बसले होते.

"दुपारच्या एसटीनं जातो दौंडला. बिरदेवला फोन केलाय."

"आप्पा, काल मी जरा तोडून बोललो."

"खरं तेच बोललास. माझा आता उपेग न्हाई, त्यात रागवायचं काय?"

ते रागावले असते तर सुदर्शनला बरं वाटलं असतं. तो तसाच स्वयंपाकघरात गेला. समृद्धीनं चहाचा कप पुढं सरकवला.

"आठवडाभर मला चाळीत पाऊल टाकू दिलं न्हाई त्यांनी," ती म्हणाली. "सुदर्शनला फळी पुरी झाल्यावरच दाखवायची म्हणत होते. आन् जेवायला हाक मारली तर म्हणायचे, ड्युटीवर हाय."

सुदर्शननं चहा तसाच ठेवला.

"आता काय करणार?" तिनं विचारलं.

"बघतो."

"बघायचं काय त्यात? पदरी पडलं आन् पवित्र झालं म्हणायचं."

तो चाळीत गेला. दुसरी फळी कापणं अवघड नव्हतं, एका रविवारचं काम. त्यानं कोपऱ्यातला प्लायचा तुकडा हातात घेतला, पुन्हा भिंतीला लावून ठेवला, आणि मीटरांचा खोका उघडला. एकेक मीटर त्यानं आप्पांनी पाडलेल्या भोकात बसवला. कुठंही ढिला नाही की घट्ट नाही. वेगाच्या मीटरची केबल डावीकडं पुरेना, तेव्हा जुन्या टेम्पोची लांब केबल शोधून काढून जोडली. उन्हं वर आली तेव्हा त्यानं गाडी चालू केली आणि ओट्यापुढं आणून उभी केली.

"चला आप्पा. थांब्यापर्यंत सोडतो."

हौसराव फळीकडं बघत राहिले.

"अरं, ही तीच की!"

"तीच. बसा."

पिशवी मांडीवर घेऊन ते डावीकडं बसले. गाडी पाणंदीला लागली. या गाडीचं इंजिन लवकर तापायचं, म्हणून सुदर्शन मान वाकडी करून पलीकडचं मीटर बघायला गेला आणि चाक कडेच्या गवतात उतरलं.

"समोर बघ!" हौसराव ओरडले. "मीटरचं मी बघतो."

गाडी पुन्हा वाटेवर आली. मग हौसरावांनी समोरच्या तबकडीवर नजर ठेवून म्हटलं, "वीस."

सुदर्शननं नुसती मान हलवली.

"वीस!" या वेळी आवाज मोठा होता, आणि नंतर ते थांबून राहिले.

सुदर्शनला दौंडचं घर आठवलं. इंजिनावर एकानं सिग्नल पुकारला की दुसऱ्यानं तो तसाच परत म्हणायचा, हा नियम. ती सवय आप्पांनी घरीही आणली होती. ताटावर बसून आप्पा "मीठ" म्हणाले की आई "मीठ" म्हणे, आणि मगच तिचा हात पुढं होई. आई गेल्यावर त्यांचं कुणी काही परत म्हटलं नव्हतं. सुदर्शननं स्टेअरिंग घट्ट धरलं.

"वीस," तो म्हणाला.

"टेंपरेचर नॉर्मल."

"टेंपरेचर नॉर्मल."

"ऑइल ठीक."

"ऑइल ठीक."

पाणंदीच्या तोंडाशी वाट फुटत होती. उजवी डांबरी रस्त्याला लागून एसटीच्या थांब्याकडं जायची, डावी पाटाच्या कडेनं वळसा घालून मळ्यातच परत यायची. सुदर्शननं गाडी हळू केली. तो काही विचारणार नव्हता. विचारलं असतं तर आप्पा थांब्याकडंच गेले असते.

हौसरावांनी मांडीवरची पिशवी उचलून पायाशी ठेवली. मोकळा झालेला हात वर केला, आणि डावीकडची वाट नीट निरखून मोठ्यानं पुकारा केला,

"डावीकडं लाइन मोकळी!"

"डावीकडं लाइन मोकळी," सुदर्शन म्हणाला आणि स्टेअरिंग फिरवलं.