तपकिरी कोटातला माणूस

इतिहासाला स्वतःचा एक गंभीर नाद असतो, असे थोर लोक सांगतात. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात तो भास्करकाकांच्या गुडघ्यांचा होता. संध्याकाळी साडेपाचच्या बातम्यांना ते टीव्हीपुढे उकिडवे बसून व्हीसीआरचे रेकॉर्डिंगचे बटण दाबत आणि दोन्ही गुडघे कटकन वाजत. बाहेर मिनेसोटाचा बर्फ अंधारून निळा होई. आत पडद्याचा निळा उजेड काकांच्या टकलावर हलत राही. विद्यापीठात शिकणारा मी शनिवारी काकूंच्या आमटीसाठी तिथे मुक्कामाला जात असे, आणि बातम्या संपल्याखेरीज आमटी मिळत नसे.

काका पॅथॉलॉजिस्ट. आयुष्यभर काचपट्टीवर पेशी पाहिलेल्या. एखादी वावगी दिसली की श्वास रोखून थांबायची सवय. ऐंशीच्या दशकातल्या त्या हिवाळ्यांत त्यांचा श्वास युरोपच्या बातमीपाशी थांबे. नकाशावर तुर्कस्तानातून, आफ्रिकेतून जाड लाल बाण वर सरकत. हे मुसलमान आपल्याबरोबर काय घेऊन येत आहेत, असे निवेदक खर्जात विचारी. मग जर्मनीतला एक बाजार, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका, आणि जड पिशवी घेऊन रस्ता ओलांडणारा, तपकिरी कोटातला एक पाठमोरा माणूस. त्याच्यामागोमाग भिंतीवर रंगवलेल्या शिव्या आणि दुकानाची फुटलेली काच. काकांचा धाकटा भाऊ वसंत त्याच देशात इंजिनियर होता. साताऱ्याच्या उन्हात रापलेला, भरघोस मिशांचा. काच दिसली की काकांचा हात नकळत स्वतःच्या गळ्याशी जाई.

रविवारी सकाळी फोन. काका ओरडून बोलत आणि वसंतकाकांचा आवाज रिसीव्हरबाहेर सांडे.

"वसंता, मिशी काढ. आणि बाहेर पडताना कपाळाला गंध लाव. कळू दे, आपण ते नव्हेत."

"दादा, गंध पाहून इथले लोक आधी ॲम्ब्युलन्स बोलावतील." हसणे विरले. "मी लावीन रे. पण शेजारच्या हसनला काय लावू?"

काकांनी हवामान विचारले.

तीन हिवाळे तेच चित्र येत राहिले. लोंढा वाढतो आहे, असे निवेदक सांगे, आणि पुराव्यादाखल तोच एक माणूस तोच रस्ता ओलांडे. मला त्याची गंमत वाटे. एकट्याने एवढा खंड बुडवायचा म्हणजे चालायचे तरी किती. काकांना मात्र तो आवडत नसे. "हा बघ, आला," असे ते पुटपुटत, जणू तो रस्ता ओलांडून आमच्याच अंगणात शिरणार होता.

एका शनिवारी बातम्या संपल्यावर त्यांनी टेप मागे नेऊन थांबवली. चित्र जागच्या जागी थरथरत राहिले.

"उजवा खांदा बघ, पडलेला," काका म्हणाले. "आमचे वडील असे चालत."

काकू डाव घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या. पडद्याजवळ येऊन वाकल्या. "अहो, कोट आपण पाठवलेला. कॉलर मी उसवून शिवली होती."

ज्याच्यासाठी ते तीन हिवाळे घाबरत होते आणि ज्याला पाहून घाबरत होते, तो एकच माणूस होता. काकांनी टीव्ही बंद केला नाही. काळ्या काचेत आपलाच चेहरा दिसेल, याची त्यांना भीती वाटली असावी.

पुढच्या रविवारी त्यांनी मिशीचा विषय काढला नाही. "त्या बाजारात जाऊ नकोस," एवढेच म्हणाले. वसंतकाका जात राहिले. इकडे काकांची चाल बदलली. दुकानात रांगेतले कुणी वळून पाहिले, की आजवर आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात न आलेला आपला पडलेला उजवा खांदा ते हळूच वर उचलून धरीत, आणि तो पेलत गाडीपर्यंत जात.

काका गेले, त्यालाही आता कित्येक हिवाळे लोटले. टेप माझ्याकडे आहे. तिच्यातला बर्फासारखा भुरभुरणारा धुरळा दरवर्षी वाढतो, आणि त्यातून एक पाठमोरा माणूस, ज्यांची वाट पाहिली जात नाही अशांच्या चालीने, अजून रस्ता ओलांडतो आहे. दिवसकार्याला आलेल्या वसंतकाकांना मी विचारले होते, त्या पिशवीत काय होते.

भरताची चार वांगी. दोन हसनची.