साडेचार वाटेकरी

आमच्या पाचवीत चार मुलं. राजवीर पाऊण वर्गात असतो, पाव खिडकीबाहेर. सम्राट अर्धा, तोही खिचडीचा वास येईपर्यंत. निशिगंधा पूर्ण हजर असते, पण दिवसाला एक शब्द बोलते. आणि स्वप्नाली सव्वा. हातात घेतलेलं गणित अर्धं टाकून ही पोरगी उठत नाही, घंटा झाली तरी नाही, आईनं कान धरला तरी नाही. एकूण बेरीज साडेतीन. खिचडी शिजवणाऱ्या धोंडुबाईच्या हिशेबात औट. तिला पावकीपासून औटकीपर्यंत सगळे जुने पाढे पाठ आहेत. दशांश चिन्हाला मात्र ती माशीचा डाग म्हणते.

जोतिबाच्या डोंगराखाली आमची वाडी, आणि वाडीची ही दोन शिक्षकी शाळा. मुख्याध्यापक मी. गेल्या वर्षी पट वीस होता. यंदा जुलैत एक कुटुंब कागलच्या एमआयडीसीत कामाला गेलं, पोरीला घेऊन गेलं, पट झाला एकोणीस. विसाच्या खाली गेलेल्या शाळा मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत विलीन करायच्या, असं वरून बोललं जात होतं. ती शाळा चार किलोमीटरवर. स्वप्नालीच्या बापानं आधीच सांगून टाकलं होतं, "तिकडं न्हाय धाडणार. मग पोरगी घरीच." माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती आणि घर शाळेपासून दहा मिनिटांवर होतं. लोकांना कारणं सांगताना मी पोरीचं आधी सांगतो.

तर पट मोजायची तारीख तीस सप्टेंबर, त्याच्या आत मी एक नाव लिहिलं. प्रभुलिंग नागाप्पा. इयत्ता पाचवी. पालक सीमेकडून मजुरीला आलेले. आधार प्रलंबित. नाव मुद्दाम तिकडचं घेतलं, वाडीत कुणी ओळखीचं निघू नये म्हणून. शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका, संयोगिता मॅडम, शेजारी बसून चार्ट चिकटवत होत्या. म्हणाल्या, "सर, मी डिंकाकडं बघत होते हं."

आमच्या हजेरीपटात सकाळची एक तिरपी रेघ आणि दुपारची दुसरी. दोन्ही मिळून फुली झाली की दिवस पूर्ण. प्रभुलिंगला मी दहातले नऊ दिवस हजर ठेवायचो. रोज येणाऱ्या पोरावर साहेब लोकांचा विश्वास बसत नाही. नाव मोठ्यानं कधी घेतलं नाही. पट कपाटात, किल्ली माझ्या खिशात.

ऑक्टोबरात अपूर्णांक आले. मी धोंडुबाईची जोंधळ्याची भाकरी मागून आणली आणि पाचवीपुढं ठेवली.

"एक भाकरी. वर्गात सगळ्यांना सारखी. एकाला किती?"

चौघांनी चार पाट्या वर केल्या. चारही पाट्यांवर एक छेद पाच. खाली ०.२.

"मोजा की रं," मी म्हणालो. "किती जण तुम्ही?"

"पाच," राजवीर म्हणाला.

"कुठं पाच? चौघं. चौथा भाग. शून्य पूर्णांक पंचवीस."

"मग त्येला काय द्यायचं न्हाय व्हय?" निशिगंधा म्हणाली. तिचा त्या आठवड्यातला तो एकुलता एक प्रश्न.

"कुणाला?"

चौघं माझ्याकडं बघत राहिली. गुरुजी म्हातारा झाला, असं बघणं होतं ते.

दुसऱ्या दिवशी तेच गणित दिलं. चौघांनी बिनचूक ०.२५ लिहिलं. मी शाबासकी दिली आणि दुपारी पट भरायला बसलो, तेव्हा दिसलं. त्या दिवशी प्रभुलिंग गैरहजर होता. म्हणजे मी सकाळी त्याला गैरहजर ठेवला होता.

मी हिशेबी माणूस. एका दिवसावर विश्वास ठेवत नाही. पुढं आठ दिवस कपाट उघडून, आत तोंड घालून, मनाला येईल तशी रेघ मारली किंवा सोडली, आणि दुपारनंतर विचारलं. बांगड्या, पेरू, दोरी, दूध. रेघ असली की पाचांत वाटणी. नसली की चौघांत. आठातले आठ. शाळेच्या कुठल्याही परीक्षेत पाचवीचा असा निकाल मी पाहिलेला नाही.

धोंडुबाईला सहज विचारलं, "ताटल्या किती लागतात गं?"

"कवा इकुणीस, कवा ईस," ती म्हणाली. "तुमास्नी ठावं. रेगा तुमी मारता."

मी तिला परत काही विचारलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी केंद्रप्रमुख साहेब न सांगता आले. मी सकाळची रेघ मारून बसलो होतो, तेवढ्यात त्यांनी पट मागून घेतला. सगळे वर्ग फिरले, जेवणानंतर पाचवीत मागं उभे राहिले आणि अडीचला पट काखेत मारून निघाले. "निवांत बघतो घरी. सोमवारी न्या." दुपारची रेघ मारायची राहून गेली, हे त्यांची गाडी वळणाआड गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

तीन वाजता मी पाचवीला भाकरीचं गणित दिलं. देऊ नये हे कळत होतं. तरी दिलं.

स्वप्नालीनं लिहिलं, एक भागिले साडेचार.

"साडेचार पोरं म्हंजी वं काय?" दारातून धोंडुबाई म्हणाली.

पोरीनं दहाला पंचेचाळीसनं भागायला घेतलं, जाईना म्हणून शंभराला. दोन. बाकी दहा. पुन्हा दोन. बाकी दहा. बाकीच्या तिघांनी तीन घरं लिहून पाट्या खाली टाकल्या. स्वप्नाली लिहीतच राहिली. पाटी भरली, तिनं वही काढली.

"बास गं. हे संपत नसतंय."

"उरलंय की सर अजून," ती म्हणाली. मान वर केली नाही.

साडेपाचला तिची आई शालूबाई शाळेत आली. "सर, काय दिलंसा हिला लिवायला? पाणी सुदीक पियीना. हात धरला तर दुसऱ्या हातानं लिवतीया." तिच्या मागं स्वप्नाली होती. चालता चालता वहीत लिहीत होती. बोटाला रक्त आलं होतं आणि दोनच्या शेपट्या लाल झाल्या होत्या. अठ्ठेचाळीस पानांतली एकतीस भरली होती.

मी मोटारसायकल काढली आणि वारणानगरच्या रस्त्याला लागलो. साहेबांचं घर गाठलं तेव्हा दिवस मावळायला आला होता. वाटेत मी ठरवलं होतं की सगळं सांगायचं. पट त्यांच्या टेबलावर बंदच पडला होता.

"साहेब, पाचवीच्या पटाबद्दल..."

"तेच की!" ते हसले. "आधार प्रलंबित बघून मला शंका आल्ती गुरुजी. रागावू नका, म्हणून तर मी आलतो. पण मी स्वतः मोजली पोरं. चौघं, आणि भिंतीकडंचं एक. वीस भरली. शेरा लिहून मोकळा होतो आता."

"भिंतीकडंचं?"

"व्हय. दिसलं नीट न्हाय ते. एकाच अंगानं दिसत होतं, दाराआड बसल्यागत." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "तिथं दार कुठाय पण?"

आतून त्यांना फोन आल्याची हाक आली. ते उठून गेले.

मी पट उघडला. माझ्या खिशात दोन पेनं असतात, निळं हजेरीला आणि तांबडं नाव कमी करायला. तांबडी रेघ ओढली तर पोरगी सुटणार, पट एकोणीस होणार, शाळा जाणार. निळी मारली तर पोरगी सुटणार, शाळा राहणार, आणि तोही राहणार. इतका सोपा हिशेब मी आयुष्यात केला नसेल. तरी तांबडं पेन दोनदा बाहेर काढलं.

मी निळी रेघ मारली. फुली पूर्ण झाली.

फाटकातून बाहेर पडतोय तोवर फोन वाजला. शालूबाई. "थांबली सर. मदीच म्हनाली, उरलं न्हाय आता. पेन टाकलं आन जेवाय मागितलं."

सोमवारी मी ती वही मागून घेतली. छत्तिसाव्या पानापर्यंत स्वप्नालीचे दोन, बारीक आणि पुढं झुकलेले. शेवटचा दोन तेवढा मोठा, सरळ, नुकतंच लिहायला शिकलेल्याचा असतो तसा. पुढं काही नव्हतं.

पट त्याच दिवशी परत आला. खाली साहेबांचा शेरा होता: पट वीस, प्रत्यक्ष वीस, समाधानकारक. स्वप्नाली शाळेत येते. शिष्यवृत्तीला बसवतोय तिला, निघेलही. माझ्या नोकरीचे एक वर्ष सात महिने राहिले आहेत. तोवर एकही रेघ चुकणार नाही याची मी काळजी घेतो. रजा घेत नाही. तापातही येतो. मॅडमना वाटतं, सरांना शेवटी शेवटी शाळेची माया आली. माझ्या जागी जो येईल त्याला काय सांगून जायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही. तो एखाद्या दिवशी दुपारची रेघ विसरणारच.

परवा हजेरी घेताना मी पहिल्यांदा ते नाव मोठ्यानं वाचलं. उत्तर आलं नाही. बस्करावरची चौघं पोरं, वर न बघता, एकेक वीत दाराकडं सरकली. भिंतीजवळ एका मुलापुरती जागा झाली.

मी रेघ मारली.