आवाजी कौल

मार्चच्या पहिल्या मंगळवारी टॅलकॉट फॉल्समध्ये घरी कुणी म्हणून राहत नसे. गावसभेचा दिवस तो. म्हाताऱ्यांना गाडीत घालून, तान्ह्यांना दुलईत गुंडाळून अख्खं गाव टेकडीवरच्या सभागृहात हजर. त्या साली मात्र एक माणूस घरी होतं. सभापती अल्डन पीझलीची बायको, लोव्हिना. आठवड्यापूर्वी अंगणातल्या बर्फावरून घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं, जागचं हलता येत नव्हतं. आणि घर कुठे, तर नदीकाठच्या गल्लीत, अगदी पुलाला लागून, शेवटचं.

निघताना अल्डननं शेगडीत लाकडं भरली, चहाची किटली तिच्या हाताशी ठेवली.

"आज सगळ्यांचं नीट ऐकून घे," ती म्हणाली. "उठसूट हातोडी आपटू नकोस."

"नियमानं जे होईल ते होईल," अल्डन म्हणाला. त्याचं हे पालुपद तिला पाठ होतं.

नदी अजून गोठलेलीच होती, पण दोन दिवसांपासून उबदार वारा सुटला होता. पुलाखालून मधूनच कुणी कण्हावं तसा आवाज येत होता. अल्डननं तो ऐकला. दरवर्षीच येतो, असं मनाशी म्हणत तो टेकडी चढला.

सभेपुढे विषय एकच होता: गावानं पगारी मॅनेजर नेमावा की नाही. आजवर गाव तीन पंच निवडून द्यायचं, आणि रस्त्यांपासून कुत्र्यांच्या भांडणांपर्यंत सगळं तेच बघायचे. पण नदीच्या वरच्या अंगाच्या ब्रॅडिश गावानं मॅनेजर नेमला आणि इकडे चुळबुळ सुरू झाली. शाळेतल्या हार्लोबाई सकाळपासून एकच गोष्ट घोळवून घोळवून सांगत होत्या. पंच भले आहेत, पण उद्या नदीला पूर आला तर गोठ्यातला पंच येईपर्यंत गाव वाहून जाईल. बाईंच्या तोंडी इतक्या वेळा नदी आली की लोक नदी म्हटलं की जांभया द्यायला लागले.

मग रॉस्को बीन उठला. फाटक्या तोंडाचा माणूस, पण सभेला हवाहवासा. "आपली पाठ आपण खाजवावी," तो म्हणाला. "त्याला भाड्यानं माणूस कशाला?" हसून हसून लोकांची पोटं दुखली.

हशा ओसरतोय तोच मागचं दार उघडलं. लाल जाकिटातला एक माणूस आत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, छाती धपापत होती. त्यानं हात वर केला.

"अरे, हा तर ब्रॅडिशचा मॅनेजर कूम्ब्स!" रॉस्को ओरडला. "आला बघा प्रचाराला!"

"नदीचं सांगायचंय," कूम्ब्स म्हणाला. झालं. सभागृहात पुन्हा हास्याचा धबधबा. हार्लोबाईंनीच याला बोलावलाय, अशी कुजबुज झाली. बाईंनी मान हलवून नाही म्हटलं, पण त्यांच्याकडे बघतंय कोण!

अल्डननं हातोडी आपटली. गावाबाहेरच्याला सभेत बोलायचं तर सभेची परवानगी लागते, हा नियम त्याच्या आजोबांच्या वेळचा. कूम्ब्सला बोलू द्यावं की नाही, हेच त्यानं मताला टाकलं. मतदान आवाजी. हो म्हणणारे एकदम ओरडायचे, मग नाही म्हणणारे, आणि सभापतीनं नुसत्या कानानं निकाल द्यायचा. अल्डनचा कान पंचक्रोशीत नावाजलेला, आजवर कुणी त्याला मोजून दाखव म्हटलं नव्हतं. हो म्हणणारे दोन-चारच निघाले. नाही इतक्या जोरात आलं की खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

"नाहीवाल्यांची सरशी," अल्डन म्हणाला.

कूम्ब्स तरीही काही ओरडून सांगत होता, पण लोकांनी पाय आपटायला सुरुवात केली आणि कुणाला काही ऐकू आलं नाही. अल्डनची नजर त्याच्या चिखलानं भरलेल्या पायांवर गेली. थांबा, ऐकू या, एवढं म्हणायला काय लागलं असतं! पण हातोडी हातात असली की माणसाचं मन दगड होतं. कूम्ब्स सगळ्यांकडे एकदा बघून धावत बाहेर पडला. "पळाला!" रॉस्को म्हणाला.

मग मॅनेजरच्या ठरावावर मत झालं. तिथंही नाही. घेवड्याची मोठी पातेली उघडली, वास सुटला, आणि कुणीतरी लोव्हिनासाठी डब्यात चार डाव काढूनही ठेवले.

तेवढ्यात जुनं कोठार कोसळावं तसा आवाज झाला.

सगळे बाहेर धावले. वरच्या वळणावरचा बर्फ फुटला होता. त्याचे घराएवढे तुकडे एकमेकांवर चढत, झाडं मोडत खाली येत होते. आणि खालच्या गल्लीत लाल जाकीट दारोदार धडका देत पळत होतं. रिकामी घरं. बिचारा प्रत्येक दारात थांबून हाका मारत होता.

शेवटच्या घराच्या अलीकडे तो थांबला. मान वर करून त्यानं टेकडीवरच्या गर्दीकडे पाहिलं, आणि दोन्ही हात तोंडाभोवती धरून विचारलं, "त्या घरात कुणी आहे का?"

सभेच्या दिवशी घरी कोण असतं? अख्खं गाव एका दमात ओरडलं, "नाही! वर ये!"

"आहे!" अल्डन ओरडला. "माझी बायको आहे!" हार्लोबाई ओरडल्या, "लोव्हिना आहे!" घेवड्याचा डबा हातात धरलेली बाईसुद्धा किंचाळली. त्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. टेकडीवरून तो स्वच्छ दिसत होता, खालून मात्र उंच छपराआड होता. अल्डननं गर्दीला गप्प करायला हवेतच हात आपटला, पण हातोडी आत टेबलावर राहिली होती. रॉस्को शेजारीच उभा होता, चांगल्या मनानं, जीव तोडून ओरडत होता, "नाही रे, कुणी नाही!"

कूम्ब्सनं कानामागे हात धरला. दोन्ही आवाज त्याच्यापर्यंत एकदमच पोचत असणार.

अल्डनच्या कानानं सवयीनं निकाल दिला. नाहीवाल्यांची सरशी.

खाली कूम्ब्सनं समजल्यासारखी मान हलवली, त्या घराकडे पाठ केली आणि तो टेकडी चढायला लागला.