मधली पात

"सशानं खाल्लं आसंल, आक्का," मेरेआना म्हणाली, पण वाकून काही बघितलं नाही तिनं.

राहेरा वाळूत गुडघे टेकून बसली होती. डोळ्याच्या ऑपरेशनला पलीकडच्या मोठ्या गावी गेली, तेव्हा समुद्राकडची ही सगळी उतरण पिंगाओच्या गवतानं सोन्यासारखी दिसत होती. दोघी बहिणींनी परकं गवत उपटून, कंबरा मोडून लावलेलं हे बेटाचं स्वतःचं, वाळू धरून ठेवणारं गवत. जाताना राहेरा धाकटीला एवढंच म्हणाली होती, लक्ष ठेव. आता रोपं मधूनच वाळली होती आणि वाळू सरसर मागं पळत होती. मागं लगेच दफनभूमी. पुढच्याच ओळीत राहेराचा नवरा, तामाती. कुंपण तर गेल्या हिवाळ्यातच समुद्रानं नेलेलं.

"ससा कडंनं कुरतडतो. ह्ये मधनं उपटलंय."

"मग वारा आसंल."

"वाऱ्याला हात फुटलं व्हय गं?"

"डोळा नवा मिळाला, तर तुला समद्यांत चोर दिसाय लागला," मेरेआना म्हणाली आणि पाहुण्यांच्या स्वयंपाकाचं निमित्त करून निघून गेली.

दुपारी राहेराच्या सत्काराला सभाघर भरलं. मेरेआना उठली, पदर नसला तरी पदर सावरल्यासारखं करून बोलली, "आक्कानं आपला किनारा उभा केला. तिच्या मानासाठी मी चटई विणली."

चटई उलगडली. पिवळीधमक, पिंगाओच्या पातीची. पाहुणे बघतच राहिले. राहेरानं काठावरून अंगठा फिरवला. पात लांब, कोवळी, वाऱ्यानं कुठं फाटलेली नाही. बाजूची पात अशी नसते. दोघींना शेजारी बसवून आईनं शिकवलं होतं: मधली पात लेकरू, बाजूच्या दोन आईबाप, लेकराला हात लावायचा नाही, नाहीतर रोपच मरतं. एकदा मेरेआनानं लावला, तर आईनं अख्खा उन्हाळा तिला विणायला बसू दिलं नव्हतं.

"कुठनं आणलीस पात?" राहेरानं हळूच विचारलं.

"तुझ्यासाठीच आणली की. बाजूची आखूड पडत हुती. पाव्हन्यांम्होरं ठिगळं दिऊ?"

"आन् आईनं सांगितल्यालं?"

"आई गेली, आक्का. चारचौघांत तोंड नगं सोडूस. घे."

दिलेला मान परत करायची रीत नाही. राहेरानं चटई घेतली. रिवाजाप्रमाणं बहिणीच्या नाकाला नाक लावलं. असं करताना एकमेकींचा श्वास घ्यायचा असतो. तिनं आपला आवरून धरला.

मग चटई खांद्यावर टाकून ती तडक किनाऱ्याकडं निघाली. तामातीवर पांघरायला चालली असेल म्हणून माणसं मागं मागं आली. तिनं थडग्याकडं पाहिलंसुद्धा नाही. उघड्या पडलेल्या उतरणीवर चटई अंथरली आणि कडेनं दगड ठेवत गेली.

"आक्का, वाळूनं नासंल ती," मेरेआना धापा टाकत आली. "किती रातीचं जागरण हाय त्यात."

"नासू दे. वाळू धरायचंच काम हुतं तिचं. जित्तेपणी तू करू दिलं न्हाईस, आता मेल्यावर करंल."

वाऱ्यानं एक कोपरा उचलला. मेरेआनानं जवळचा दगड उचलून बहिणीपुढं धरला.

राहेरानं हात पुढं केला नाही.

"खाली ठेव," ती म्हणाली. "मी घेते."