खिडकीतले सुखी उंदीर

योगेंद्र सर म्हणजे आमच्या फार्मसी कॉलेजचे थोर संशोधक, आणि मी त्यांची लॅब असिस्टंट. ताणाच्या हार्मोनला मेंदूत थारा न देणारं एक औषध त्यांना नैराश्यावर आजमावायचं होतं. त्यांनी दहा उंदीर कोठीत कोंडून छळले आणि त्यांना औषध दिलं. दहा सुखात ठेवले, म्हणजे त्यांचे पिंजरे खिडकीत मांडले, मोकळ्या हवेला. खिडकीखाली मिरचीच्या पथाऱ्या. एकरभर लाल मिरची वाळत पडलेली.

पिंजरे धुणाऱ्या छबूबाई म्हणाल्या, "सर, उंदीरसले ठसका लागी ऱ्हायना."

"ठसका लागतोय? मला तर काहीच वास येत नाही," सर म्हणाले. कसा येईल? जन्म नंदुरबारच्या मिरचीत गेलेला.

महिन्याने सगळे उंदीर पाण्यात सोडले. जो पोहत राहील तो आनंदी, अशी ती परीक्षा. कोंडलेले जोरात पोहले. सुखी उंदरांनी लगेच हातपाय गाळले. सरांनी पेढे वाटले!

काल पुण्याहून तज्ज्ञ आले. निकाल ऐकता ऐकता त्यांना असा ठसका लागला, की डोळ्यांतून पाणी. सरांनी धावत जाऊन खिडकी लावली. "सॉरी सर, मिरची आहे," म्हणाले, आणि पुढे वाचू लागले, "या औषधाने छळलेला उंदीर सुखी उंदरापेक्षाही आनंदी होतो."