पुसून टाकलेली कुरकुर

तुम्ही चोरी केलीत असं मी म्हणत नाही. चोराला निदान कळत असतं की आपण उचलतोय ते कुणाला तरी हवं आहे. तुम्हाला तेवढंही कळलं नाही. माझ्या आईच्या गाण्यातून तुम्ही माझ्या बापाला बाहेर काढलंत, आणि वर कौतुकाने निरोप पाठवलात की आवाज आता स्वच्छ झाला आहे.

साहेब, तुमचं नाव मला माहीत नाही. तुमच्या ध्वनिसंग्रहाच्या कचेरीत खेपा घालून माझ्या चपला झिजल्या. दर वेळी तुम्ही मीटिंगमध्ये. म्हणून हे छापून आणते आहे. मीटिंगमध्येच वाचा.

माझी लाँड्री आहे. आई रेडिओच्या वृंदात गायची. वृंद म्हणजे मागची रांग, जिचा आवाज सगळे ऐकतात आणि चेहरा कुणी विचारत नाही. एकदा तबकडीच्या रेकॉर्डिंगला पुढे गाणाऱ्या बाईंचा घसा ऐनवेळी बसला आणि आईला एकटीला गायला मिळालं. मी तेव्हा वर्षाची, अंगात ताप, आईला चिकटलेली. ताईला शेजारणीकडे ठेवलं आणि बाबा मला घेऊन स्टुडिओच्या कोपऱ्यात एका लाकडी खुर्चीवर श्वास रोखून बसले. दुसरं कडवं सुरू होणार तेवढ्यात मी कुणकुणले. बाबांची गाळण उडाली. मला घेऊन बाहेर पळावं म्हणून ते अर्धवट उठले आणि खुर्ची कुरकुरली. चांगली लांबलचक कुरकुरली. आईने त्यांच्याकडे पाहिलं. पुढच्या ओळीसाठी तिने श्वास घेतला तो हसू दाबतच.

गाणं होतं वाट बघून थकलेल्या बाईचं. रडवं. त्यात दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ माझी आई हसत गायली. रेकॉर्डिंग करणाऱ्याने कपाळावर हात मारला, पण दाराबाहेर पुढचे लोक खोळंबले होते. पुन्हा घ्यायला वेळ नव्हता. तसंच छापलं. तबकड्या थोड्या निघाल्या, खपल्या त्याहून थोड्या. एक आमच्या घरी आली.

आई त्या जागेला लाजायची. पाहुण्यांसमोर रेकॉर्ड लावली की म्हणायची, "अहो, तेवढी सुई पुढे सरकवा ना."

"का म्हणून?" बाबा म्हणायचे. "तेवढंच तर माझं आहे त्यात. बाकी सगळं तुझंच आहे."

ताईला याचा कायम राग. "मी नाहीच कुठे. मला आपली शेजारी ठेवलेली, छत्रीसारखी."

आई गेल्यावर बाबा रोज संध्याकाळी चहा झाला की ती रेकॉर्ड लावायचे. दुसरी कुठली नाही. मी दुकान बंद करून घरी पोचायची ती बहुतेक त्याच वेळी. जिन्यातच ऐकू यायचं. खरखर, मग गाणं, मग मी तापाने कुणकुणतेय, खुर्ची वाजते, आई श्वास घेते. आम्ही तिघं एका जागी होतो त्याचा एवढाच पुरावा जगात होता. फोटो आहेत, पण फोटोत सगळे मेल्यासारखे ताठ उभे.

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, गाण्याच्या यंत्रांच्या दुकानात विक्रीला आहेत. माणूस सोन्यासारखा, पण तोंड बंद ठेवायचं कुणी शिकवलं नाही. ते आले की बाबांशी जुंपलीच.

"बाबा, तुमची रेकॉर्ड म्हणजे तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी वाजते. गाणं शोधावं लागतं त्यात."

"आणि जावईबापू, तुमचं ते डिजिटल म्हणजे दवाखान्यातलं जेवण. स्वच्छ असतं, गरम असतं, फक्त जेवल्याचं कळत नाही."

"लावता पैज?"

पैज लागली. भावोजींनी दुकानातून एक कोरी करकरीत रेकॉर्ड आणली, म्हणजे खरखरीवरून ओळखू येऊ नये. तेच गाणं फोनवरही होतं. दोन्ही एकाच स्पीकरमधून वाजणार. बाबांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि चोरून बघू नये म्हणून डोक्यावर टॉवेल टाकला. ताई पंच. बाबा ऐकत होते, मान डोलावत होते. शेवटी टॉवेलखालून निकाल आला, "ही दुसरी. ही तबकडी. हिला ऊब आहे."

दुसरी फोनवरची होती. भावोजी सतरंजीवर गडबडा लोळले. बाबांनी टॉवेल काढला आणि म्हणाले, "टॉवेलमुळे झालं. कान झाकले गेले."

हे मुद्दाम सांगतेय. तुमच्या कचेरीतले लोक मला म्हणाले, जुन्या वस्तूंवर जीव असलेल्यांना नवीन काही पटतच नाही. तसं नाही. रेकॉर्डमधली ऊब, डिजिटलमधला थंडपणा, या भरल्या पोटी करायच्या गप्पा. विकत आणलेल्या गाण्यात माझ्या बापाला फरक कळला नाही, मला तर मुळीच नाही. डिजिटलशी माझं वैर नाही. माझं वैर तुमच्याशी आहे.

त्याच दिवशी जाता जाता भावोजी बोलून गेले, "थट्टा राहू द्या, पण बाबा, सुई फिरते तेव्हा दर वेळी काहीतरी खरवडून नेते. तुम्ही रोज आईंना थोडं थोडं खर्च करताय."

दुसऱ्या दिवशी चहा झाला, रेकॉर्ड लागली नाही. त्यानंतरही नाही. ती मांडीवर घेऊन बसायचे, पाकिटातून काढायचे, परत घालायचे. उपाशी माणसाने भाकरी जपून ठेवावी तसं चाललं होतं ते.

आणि मग तुमची जाहिरात आली. जुन्या तबकड्या आणून द्या, आम्ही त्या डिजिटल करू, कायमच्या जपू. घरी करता आलं नसतं असं नाही, पण भावोजीच म्हणाले, "आपली सुई बोथट झालीय. त्यांच्याकडची यंत्रं भारी आहेत. असली एकुलती एक वस्तू माझ्या जुगाडावर नको." हे वाक्य त्यांना अजून झोपू देत नाही.

बाबा स्वतः आले. उशीच्या अभ्र्यात गुंडाळून रेकॉर्ड आणली होती. तुमच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला त्यांनी वाकून, नीट, सावकाश सांगितलं. मी शेजारी उभी होते, साक्षीला आहे. "हे बघा, दुसऱ्या कडव्याच्या आधी खुर्ची वाजते. मूल कुणकुणतं. ती चूक नाही. ते तसंच राहू द्या."

तो म्हणाला, "आजोबा, काही काळजी करू नका. सगळं नीट करून देतो."

दिलंत की. नीट करून.

रेकॉर्ड तुमच्याकडेच राहिली, गाणं फोनवर आलं. त्या दिवशी भावोजींनी दुकानातले सगळ्यात महागडे स्पीकर मालकाच्या हातापाया पडून घरी आणले. ताई आली. मी दुकानाला दुपारीच कुलूप घातलं. बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. आई बाहेरगावाहून येणार असल्यासारखे बसले होते.

गाणं सुरू झालं. खरं सांगते, अंगावर काटा आला. एक खरखर नाही. आई समोर उभी राहून गातेय असं वाटलं. ताईच्या डोळ्यांना धार लागली. पहिलं कडवं संपलं.

मग काही नाही. नुसती पोकळी. तिथे काही वाजत नव्हतं एवढंच नाही, तिथे खोलीच नव्हती. आणि त्या पोकळीतून आई एकदम हसत गायला लागली. कुणाकडेही न बघता. वेड लागल्यासारखी.

भावोजींनी हळूच पुन्हा लावलं. बाबा पुढे वाकले, कानाला हात लावून. पुन्हा तेच.

"छान आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ती कशाला हसतेय गं? मी कुठे गेलो?"

मी काय उत्तर द्यायला हवं होतं ते तुम्ही सांगा.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आले. तुम्ही मीटिंगमध्ये. तुमच्या हाताखालचे कुणी भेटले, ते म्हणाले, "आवाज सुधारलाच आहे ना बाई? लोक कौतुक करताहेत." यंत्रावर बसणारी एक मुलगी होती, तिला माझी दया आली असावी. तिने पडद्यावर दाखवलं. यंत्र खरखर ओळखतं आणि काढतं. दोन ओळींच्या मधे जे काही बारीक ऐकू येतं ते सगळं त्याला कचराच वाटतं. किती काढायचं हे आपण ठरवायचं. तुमच्याकडे ते ढीगभर तबकड्यांना मिळून एकदाच ठरवलं होतं. सगळ्यांना एकच चाळणी.

मग तिने एक बटण दाखवलं. ते दाबलं की गाणं बंद होतं आणि जे काढून टाकलंय तेवढंच ऐकू येतं. कुणा दुसऱ्याच्याच गाण्यावर दाबून दाखवलं. सूं सूं आवाज, थोडी तडतड, आणि मग कुणीतरी खोकलं. मग कुणीतरी श्वास घेतला. एक, मग थोड्या वेळाने दुसरा. गाणं नाही, नुसती श्वास घेणारी बाई. मी खुर्चीचा हात धरला.

"हे ऐकायचं असतं," ती मुलगी म्हणाली. "खरं काही जात नाहीये ना, हे तपासायला. पण ताई, एवढा वेळ कुणी देत नाही हो आम्हाला."

"मग आमच्या गाण्याचं दाब ना हे बटण."

"त्याला आधीचा, न पुसलेला आवाज लागतो. तो पुसला. यंत्रात जागा होत नव्हती."

"रेकॉर्ड?"

ती खाली बघायला लागली. कपाटं रिकामी करायचा हुकूम आला होता. सगळ्या तबकड्या भंगारात, दळायला गेल्या. आमची अभ्र्यासकट.

त्या मुलीला काही कराल तर याद राखा. तुमच्या अख्ख्या इमारतीत खरं बोलणारी ती एकटीच भेटली.

माझ्याही हातून गिऱ्हाइकाचं कापड जळतं, साहेब. डाग काढता काढता भोक पडतं. तेव्हा मी तोंड वर करून सांगते, जळालं, माझ्या हातून जळालं. कापड आता स्वच्छ आहे असं सांगत नाही.

भावोजींनी जुन्या रेकॉर्डींची दुकानं पालथी घातली. ती तबकडी कुठे नाही. बाबांनी तक्रार केली नाही, शिव्या दिल्या नाहीत, फक्त ऐकणं सोडलं. चहा अर्धा ठेवायला लागले. मग आजारी पडले आणि उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी वाद घातला नाही.

शेवटच्या आठवड्यात भावोजी एका संध्याकाळी आले ते गप्पच. हे तसं नवलच. त्यांनी फोन स्पीकरला जोडला. "बाबा, एक लावू का?"

"लावा."

खरखर सुरू झाली. मी चमकले. मग आईचं गाणं. पहिलं कडवं संपलं, आणि एक बाळ कुणकुणलं, आणि खुर्ची कुरकुरली.

एका क्षणात मला समजलं. खरखर कुठल्या तरी दुसऱ्या रेकॉर्डवरून उचललेली. बाळ त्यांच्या दुकानमालकाच्या मुलीचं, हे त्यांनी नंतर सांगितलं. आणि खुर्ची आमच्याच स्वयंपाकघरातली, कारण तिचा आवाज मी ओळखते. हा जाडजूड माणूस, सगळं आयुष्य शुद्ध आवाज विकत आला, तो कधीतरी आमच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर पुन्हा पुन्हा अर्धवट उठत बसला होता.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. गाणं संपलं. भावोजींच्या कपाळावर घाम.

"जावईबापू," बाबा म्हणाले, "तुम्ही उशिरा उठलात. मी जरा आधी उठलो होतो. मूल कुणकुणताक्षणी."

भावोजींना हुंदका फुटला. "चुकलं, बाबा. उद्या नीट करून आणतो."

"नको." बाबांनी त्यांचा हात हातात घेतला. "आता नका काही नीट करू. कुणीच. तुम्ही बसलात माझ्या जागी, पुष्कळ झालं. पण ती हसली ती माझ्याकडे बघून, हो की नाही?"

"तुमच्याकडेच, बाबा."

"मग ते कुठेतरी असेल. एकदा झालेला आवाज जाणार कुठे?" त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "तू विचार त्यांना. नीट विचार. भांडू नकोस."

बाबा गेले. तो सबंध आठवडा मी दुकान उघडलं नाही. मग तुमच्याकडे येऊन नीट विचारलं, न भांडता. तुम्ही मीटिंगमध्ये.

आता भांडते. भरपाई नको, माफी नको, शाल-नारळ तर मुळीच नको. माझ्या बापाने तुमच्या खिडकीवर वाकून सांगितलं होतं की ती चूक नाही. तरी ती पुसली गेली. कुणाच्या तरी हुकमाने चाळणी लागली, कुणाच्या तरी सहीने कपाटं रिकामी झाली. ते बटण तुमच्या यंत्रात होतं. आमचं गाणं घरी पाठवायच्या आधी ते कुणी दाबलं होतं का? दाबलं असेल, तर माझ्या आईचा श्वास ऐकून हा कचरा आहे असं म्हणणारा माणूस कोण? आणि दाबलंच नसेल, तर न ऐकता पुसायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

नाव सांगा.