तिसरी किल्ली

मी किल्ली बोलतेय. घराच्या दाराची, तिसरी. पहिली बाबांच्या खिशात, दुसरी आईच्या पर्समध्ये आणि मी लेकीची. अंगाने पितळेची, स्वभावाने जरा तिखट. दात दिलेत म्हटल्यावर चावणारच की!

माझा जन्म रस्त्याच्या कडेला झाला. बाबा किल्लीवाल्यापुढे स्टुलावर बसून होते. "नीट घास रे, पोरगी कॉलेजसाठी परगावी चाललीय."

किल्लीवाला हसला. "मग किल्ली कशाला काका? दार सोबत नेणार आहे का ती?"

"बेल पाहुण्यांनी वाजवायची," बाबा म्हणाले. "माझ्या पोरीने स्वतःच्या घरात शिरायला कोणाची वाट बघायची नाही."

हे ऐकून माझी मान अशी ताठ झाली म्हणून सांगू! पण कौतुक दोन दिवसांचं. हॉस्टेलवर पोचल्यावर लेकीने मला बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवलं, चेन ओढली, बॅग लोखंडी कपाटात कोंबली आणि कपाटाला कुलूप घातलं. घ्या! दुसऱ्यांना मोकळं करायचं ते माझं काम, आणि मीच कोंडलेली. सोबतीला डोकेदुखीच्या मलमाची डबी आणि एक गंजकी सेफ्टी पिन. कपाटाची किल्ली मात्र लेकीच्या गळ्यात मिरवायची, आणि मी आपली अंधारात जळफळत बसायची.

रोज संध्याकाळी घरचा फोन यायचा. कपाटाच्या पत्र्यातून मला सगळं ऐकू यायचं.

"सगळं ठीक ना गं?" आई विचारायची.

"एकदम ठीक. तुमच्याकडे?"

"आमच्याकडे काय होणारे? मजेत!"

फोन ठेवला की लेक कपाट उघडायची, मला मुठीत धरायची आणि हुंदके देऊन रडायची. मेसचा घास तिच्या घशाखाली उतरत नव्हता. पहिल्याच सत्रात एका विषयात नापास झाली होती. खोलीतल्या दोघी आपापसात कुजबुजायच्या, ही भिंतीकडे तोंड करून पडायची. घरी यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. 'अगं, सांग की त्यांना!' मी आतल्या आत ओरडायचे. पण आमचं तोंड फक्त कुलपात चालतं.

पुढे फोनवर बाबा येईनासे झाले.

"बाबा कुठेत?"

"आंघोळीला गेलेत."

दुसऱ्या दिवशीही आंघोळ. तिसऱ्या दिवशीही. "बाबा एवढे स्वच्छ कधीपासून झाले?" लेक हसून म्हणाली. आईही हसली. मला मात्र ते हसू काही खरं वाटलं नाही.

शेवटचा पेपर झाला तशी लेकीने कोणाला न कळवता गाडी पकडली. सगळ्यांना चकित करायचं होतं तिला. रस्ताभर मी तिच्या हातात. अखेर माझा दिवस आला!

दुपारची वेळ. ओळखीचा जिना, ओळखीचं दार. लेकीने मला कुलपात घातलं. मी अर्धी आत गेले आणि अडकले. तिने बाहेर काढून ओढणीला पुसलं, पुन्हा घातलं. उलटं करून पाहिलं. मी जीव खाऊन जोर लावला, पण वळेन तर शपथ! ते कुलूपच नवं कोरं होतं.

लेकीचा चेहरा पांढरा पडला. दारावर नाव घरचंच, पायपुसणंही तेच. मग तिने बेल वाजवली. पाहुण्यासारखी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आतून ठक ठक आवाज येत राहिला. दार उघडलं तर बाबा. काखेत कुबडी, पाय प्लास्टरमध्ये.

"बाबा! हे काय?"

"काही नाही गं. बाथरूममध्ये पाय घसरला जरा. आई बाहेर गेली होती. शेजारच्यांनी कुलूप तोडून आत येऊन उचललं मला."

"आणि मला कोणीच सांगितलं नाही?"

"तुझा अभ्यास..."

"मग मी या घरची कोण?" लेक ओरडली आणि मला त्यांच्यासमोर धरलं. "ही का दिली होती मग?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले. "चुकलंच बाळा."

लेक मटकन उंबऱ्यावर बसली. "मीही खोटंच बोलत होते बाबा. एक विषय राहिलाय. मला तिथे अजिबात करमत नाही. कोंडल्यासारखं होतं."

आई भाजीची पिशवी घेऊन जिना चढून आली, तेव्हा बापलेक दारातच बसून रडत होते. तिने पिशवी ठेवली आणि तीही त्यांच्यात बसली. "विषय काय, सुटेल पुढच्या वेळी," ती म्हणाली. "पण एकटीने रडायचं नाही, कळलं?"

सुट्टी संपायच्या आत बाबा कुबडीवर त्याच किल्लीवाल्याकडे गेले. लेक नवी किल्ली घेऊन कॉलेजला परतली. मी इथे राहिले, फोनच्या टेबलाच्या खणात, संपलेल्या सेलांच्या आणि रबरबँडांच्या गर्दीत. म्हणजे पुन्हा कोंडलेलीच. माझं कुलूप भंगारात गेलं, आता मला कुठलंच दार नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

पण संध्याकाळी डोक्यावर फोन वाजतो. "आज मेसमध्ये रडू आलं बाबा," लेक सांगते. "माझाही पाय आज फार ठणकतोय गं," बाबा सांगतात. मग दोघं बराच वेळ बोलत बसतात.

तुमचं पोर परगावी असेल, तर या बिनकुलपाच्या किल्लीचं एवढं ऐका. कुलूप बदललंत की त्याच दिवशी त्याला कळवा. स्वतःच्या दाराची बेल वाजवताना आमच्या लेकीचा हात कसा दोनदा मागे आला, ते मी पाहिलंय. मी त्याच हातात होते.